गळकी घागर

इ. स. 385च्या आसपासची रात्र. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, स्केटीसच्या वाळवंटात, ख्रिस्ती तापसांच्या वस्तीतल्या एका मातीच्या खोलीत तुम्ही तळमळत पडला आहात. आज या जागेला वादी नत्रून म्हणतात. इथल्या तळ्यांकाठी मिळणाऱ्या खारात इजिप्तचे लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रेतं सुकवत आले. तुम्ही मात्र जिवंतपणीच आलात, आतलं कुजणं थांबवायला.

ते थांबलेलं नाही. मागच्या शनिवारी तुम्ही म्हाताऱ्या अब्बांना सांगितलंत, शेजारच्या बंधूवर भडकलो. त्याच्या आधीच्या शनिवारीही तेच. (इथे वडीलधाऱ्या तापसाला ‘अब्बा’ म्हणतात; मराठी कानाला ‘आबा’ ऐकू येतं, आणि फारसं बिघडत नाही.) आज दुपारी पुन्हा. टोपलीसाठी तुम्ही भिजत घातलेल्या खजुरीच्या चार पात्या त्यानं उचलल्या, एवढंच. तुमच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून तुम्हीच दचकलात. घर सोडलं, जमीन विकली, आणि हरलात कुणापुढे, तर चार पात्यांपुढे! मोठं पाप असतं तर निदान सांगायला तरी बरं.

उजाडलं की इथून निघायचं, हे ठरलंय. वाळलेली भाकर बांधून ठेवलीत. पाण्याचं मडकं कोरडं आहे आणि विहीर दोन मैलांवर.

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज येतो. दाराच्या फटीतून तुम्ही पाहता, तर एक काळाकभिन्न, धिप्पाड माणूस खांद्यावरची पखाल तुमच्या मडक्यात रिकामी करतोय. पाण्याला इथला तो नेहमीचा डांबरट वास. माणूस वर न बघता पुढच्या खोलीकडे जातो.

मोशे. कुणा अधिकाऱ्याच्या घरचा गुलाम, चोरीपायी हाकललेला, मग दरोडेखोरांचा म्होरक्या. त्याची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. तापस झाल्यावरही देहाची वासना सुटेना, म्हणून सहा वर्षं रात्र रात्र उभं राहून प्रार्थना केली. तरी सुटेना. मग रात्री म्हाताऱ्यांची मडकी भरत हिंडू लागला. एकदा विहिरीवर पाठीत असा तडाखा बसला की वर्षभर अंथरुणाला खिळला. सैतानानं सोटा मारला, म्हणतात. (थंडीच्या रात्री मैलोन्‌मैल पाणी वाहणाऱ्या कमरेला सैतान कशाला हवा, हे आपलं माझं मत.) शेवटी इसिदोर अब्बांनी त्याला समजावलं, की पुरे आता ही कुस्ती, तपालाही मोजमाप असतं.

सकाळी तुम्ही निघत नाही. भरलेलं मडकं टाकून जाणं जिवावर येतं.

दोन दिवसांनी वडीलधाऱ्यांची सभा भरते. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा आहे. अपराध काय, हे पुढे ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी नोंदवलं नाही. तुम्हाला माहीत आहे, कारण मधे मान खाली घालून तुम्हीच बसला आहात.

मोशे येत नाही. निरोप जातो, सगळे खोळंबलेत. मग तो येतो, पाठीवर गळकी घागर घेऊन. त्याच्या खोलीपासून सभेपर्यंत वाळूत ओली रेघ उमटलेली. हे काय, म्हणून विचारतात. तो सांगतो, माझी पापं माझ्यामागे अशी सांडताहेत, मला ती दिसतही नाहीत, आणि मी निघालो दुसऱ्याचा न्याय करायला!

कुणी काही बोलत नाही. तुम्हाला सोडून देतात. बाहेर येईपर्यंत रेघ अर्धीअधिक वाळून गेलेली असते.

संध्याकाळी तुम्ही पात्या भिजत घालता. शेजारी येतो, विचारत नाही, दोन उचलतो. कपाळाची शीर ताडकन्‌ उडते. शब्द ओठांपर्यंत येतात. एक तर निसटतोच.

तशाच ओल्या हातांनी तुम्ही उठता आणि म्हाताऱ्या अब्बांच्या खोलीकडे चालू लागता. शनिवारला अजून चार दिवस आहेत.