‘स्टार वॉर्स’ची जुनी खेळणी : टाकून दिलेल्या पुठ्ठ्याचे मोल

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरातील केनर या कंपनीने १९७८ ते १९८५ या काळात ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेवर आधारित लहान बाहुल्या, अंतराळयाने आणि खेळसंच बाजारात आणले. मुलांसाठी काही डॉलरना विकल्या गेलेल्या या वस्तू आज प्रौढ संग्राहकांच्या मोठ्या बाजारपेठेचा विषय झाल्या आहेत. याच मालिकेसाठी तयार झालेल्या, पण विक्रीस न आलेल्या एका नमुना बाहुलीला २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५,२५,००० डॉलर इतकी किंमत मिळाली.

वास्तविक ही खेळणी संख्येने दुर्मिळ नाहीत. १९७८ या एकाच वर्षात केनरने ४ कोटींहून अधिक नग विकले. दुर्मिळ झाले आहे ते खेळताना हरवलेले आणि वेष्टन फोडताच टाकून दिलेले. या संग्रहाचे सारे अर्थकारण, तसेच त्यातील फसवणूक, या एका गोष्टीभोवती फिरते.

पावणेचार इंचांचा निर्णय

जॉर्ज लुकास दिग्दर्शित ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या वेळी अशा बाहुल्यांच्या व्यवसायात आघाडीवर असलेल्या मेगो कंपनीने या चित्रपटाचे हक्क नाकारले होते. ते केनरने घेतले.

तोपर्यंत ‘अॅक्शन फिगर’ म्हणजे मोठी बाहुली असा समज होता. हॅस्ब्रो कंपनीची १९६४ मधील ‘जी. आय. जो’ ही बाहुली १२ इंचांची, तर मेगोच्या बाहुल्या साधारणतः ८ इंचांच्या होत्या. केनरने पावणेचार इंचांचे माप निवडले. त्यामागे व्यावहारिक कारण होते. ‘स्टार वॉर्स’च्या कथेत यानांना पात्रांइतकेच महत्त्व आहे. बाहुली लहान असेल तरच ती आत बसू शकेल असे यान परवडणाऱ्या किमतीत बनविणे शक्य होते. मान, दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या एवढ्याच ठिकाणी हलणारी ही बाहुली स्वस्त असल्याने मुले एकेक पात्र जमवू लागली. संग्रहाची सवय अशा रीतीने खेळण्यातच रुजलेली होती.

रिकाम्या पाकिटाचा नाताळ

चित्रपटाच्या यशाचा अंदाज नसल्याने १९७७ च्या नाताळासाठी बाहुल्या तयार होऊ शकल्या नाहीत. तेव्हा बर्नार्ड लूमिस यांच्या नेतृत्वाखालील केनरने ‘अर्ली बर्ड’ नावाचे पाकीट विक्रीस आणले. त्यात एकही बाहुली नव्हती. पुठ्ठ्याचा एक देखावा, काही चिकटचित्रे आणि एक प्रमाणपत्र एवढाच ऐवज होता. प्रमाणपत्र टपालाने पाठविणाऱ्यांना १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू डी-टू या चार बाहुल्या घरपोच मिळाल्या. त्याच वर्षी १२ बाहुल्यांची पहिली मालिका दुकानांत आली.

मूल्य कशावर ठरते?

संग्राहक प्रथम पाहतात तो बाहुलीमागचा पुठ्ठा. त्याच्या मागील बाजूस छापलेल्या बाहुल्यांच्या संख्येवरून त्याचा काळ ओळखला जातो. १२ बाहुल्यांची चित्रे असलेला पुठ्ठा सर्वांत आधीचा होय. न उघडलेल्या वेष्टनातील बाहुलीचे मोल सुट्या बाहुलीच्या अनेक पट असते.

सुट्या बाहुलीबाबत तिचे मूळ शस्त्र व वस्त्र सोबत आहे का, हे पाहिले जाते. खेळसंचांनाही हाच नियम लागू होतो. १९७८ च्या ‘डेथ स्टार’ या चार मजली संचात कचरा दाबण्याच्या यंत्रासाठी फोमचे रंगीत तुकडे आणि एक हिरवा जलचर दिलेला होता. हा ‘कचरा’ शाबूत असलेला संच आज विशेष मोलाचा ठरतो.

उत्पादनातील लहानसे बदलही महत्त्वाचे असतात. ‘जावा’ या बुटक्या पात्राला आरंभी व्हिनाइलचा झगा होता. तो हलक्या प्रतीचा दिसतो म्हणून लवकरच कापडी झगा देण्यात आला. मागे पडलेला तोच व्हिनाइलचा झगा आता सर्वाधिक शोधला जातो.

न सुटलेले रॉकेट

१९७९ मध्ये केनरने बोबा फेट या पात्राची, पाठीवरून रॉकेट सोडणारी बाहुली टपालाने देण्याची योजना जाहीर केली. तत्पूर्वी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेतील एका खेळण्याचे क्षेपणास्त्र घशात अडकून एका बालकाचा मृत्यू झाला होता. त्यामुळे केनरने सुटणारे रॉकेट रद्द केले आणि ते पाठीला कायमचे जोडून बाहुली पाठविली. आधीच छापलेल्या पुठ्ठ्यांवरील जाहिरात चिकटपट्टीने झाकण्यात आली. कारखान्यातील चाचणीचे नमुने तेवढे मागे उरले. प्रारंभी उल्लेखिलेली बाहुली त्यांपैकीच एक होय. संग्राहकांच्या दृष्टीने अमूल्य ठरलेल्या या वस्तूच्या मुळाशी बालसुरक्षेचा एक कठोर धडा आहे.

अस्सल आणि नकली

किमती वाढल्या तशी बनावटही वाढली. साच्यातून नवी शस्त्रे काढणे, पुठ्ठ्याची प्रतिकृती छापणे, उघडलेले आवरण पुन्हा चिकटविणे हे नेहमीचे प्रकार होत. ओबी-वान या पात्राचा व्हिनाइलचा झगा कापून तो ‘जावा’चा म्हणून विकला जातो. जाणकार त्यासाठी व्हिनाइलचा रंग, पोत, हातांच्या छिद्रांची कड आणि बाहुलीवरील उत्पादनस्थळाचा ठसा तपासतात. ‘अॅक्शन फिगर अथॉरिटी’सारख्या संस्था वस्तूला १०० पैकी गुण देऊन ती बंद पेटीत ठेवतात. अशा गुणांकनामुळे किंमत वाढते.

याच्या उलट उदाहरणही आहे. तुर्कस्तानात ‘उझाय’ नावाने विनापरवाना निघालेल्या बाहुल्या मुळात नकली. पण त्या काळातील म्हणून त्यांनाही आज मोठी मागणी आहे. अधिकृत खेळणी ब्रिटनमध्ये पॅलिटॉय, तर मेक्सिकोत लिली लेडी या कंपन्यांनी विकली. पॅलिटॉयने तर ‘डेथ स्टार’ प्लॅस्टिकऐवजी पुठ्ठ्याचा केला.

जतनाचा प्रश्न

सूर्यप्रकाशाने पांढरे प्लॅस्टिक आणि पारदर्शक आवरण पिवळे पडते. मऊ प्लॅस्टिकचे अवयव कालांतराने चिकट होतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा घालविता येतो. मात्र तो परत येऊ शकतो. म्हणून असा उपचार केला असल्यास विक्रेत्याने तसे सांगणे अपेक्षित असते. कोरडी, थंड व अंधारी जागा हाच सर्वमान्य उपाय होय.

गोव्याशी दुवा

पावणेचार इंचांचे माप पुढे इतरांनीही स्वीकारले. १९८२ मध्ये हॅस्ब्रोने ‘जी. आय. जो’ याच मापात आणला. भारतात फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने या बाहुल्यांचे उत्पादन केले. कंपनीचा कारखाना गोव्यात होता. मूळ साच्यांतून निराळ्या रंगांत निघालेल्या या भारतीय बाहुल्यांचा परदेशी संग्राहक आवर्जून शोध घेतात.

केनरची मूळ मालिका १९८५ मध्ये थांबली. १९९१ मध्ये केनर हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली आणि १९९५ पासून नव्या बाहुल्या येऊ लागल्या. २०१० मध्ये हॅस्ब्रोने जुन्या पुठ्ठ्यांच्या धर्तीवर ‘व्हिंटेज कलेक्शन’ ही मालिका काढली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्यांचा समावेश करण्यात आला.