रुमाल टाकून अडवलेली जागा

२००७-०८च्या सुमारास ज्याच्या खिशात पेनड्राइव्ह असायचा, त्यानं 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाचा फोल्डर कधी ना कधी पाहिलेला असणार. डीटीपीवाल्याकडे पत्रिकेचा मजकूर देऊन यावं, सायबर कॅफेत प्रोजेक्टची प्रिंट काढावी, घरी येऊन पेनड्राइव्ह लावावा, तर आत हा पाहुणा हजर. उघडला तर रिकामा. डिलीट करावा तर पुष्कळदा होत नसे. अनेकांना तोच व्हायरस वाटायचा. प्रत्यक्षात व्हायरस येऊ नये म्हणून कुणीतरी तो स्वतःच्या हातानं तिथे बसवलेला असे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्या नावाची जागा धरून ठेवणं एवढंच त्याचं काम.

संगणकातला वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, हातानं काढण्याच्या ज्या काही युक्त्या त्या काळात घरोघरी पोहोचल्या, त्यांत ही मला सर्वांत देखणी वाटते. तिचं कूळ मात्र ना विंडोजचं, ना पेनड्राइव्हचं. ते थेट १९८८ सालात जातं.

त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्यानं एमआयटीमधल्या एका यंत्रावरून आपला प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स आणि सन बनावटीच्या यंत्रांत तो आपणहून शिरत होता. सुमारे ६००० यंत्रांना लागण झाली, हा आकडा तेव्हापासून सगळीकडे छापला जातो. त्यामागचं गणित असं: नेटवर्कवर साधारण ६०,००० यंत्रं असावीत, त्यातली दहा टक्के धरा! मोजदाद अशी कुणी केलीच नव्हती.

हा वर्म काढणं तसं सोपं होतं. तो यंत्राच्या मेमरीत राहायचा. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की गेला. पण शेजारच्या यंत्रातून तो काही मिनिटांत परत यायचा. खरी अडचण काढण्याची नव्हती, परत न येऊ देण्याची होती, आणि हातानं सफाई करणाऱ्या प्रत्येकाला पुढची तीसेक वर्षं नेमकी हीच अडचण छळत राहिली.

मॉरिसनं एक गोष्ट आधीच ओळखली होती. नव्या यंत्रात शिरल्यावर त्याचा वर्म विचारायचा, आपल्यापैकी कुणी इथे आधीच आहे का? 'आहे' असं उत्तर आलं की एकानं माघार घ्यायची. मग यंत्र सांभाळणारा माणूस 'आहे, आहे' असं खोटंच सांगणारा प्रोग्रॅम बसवून मोकळा होईल की! म्हणून मॉरिसनं सातांतल्या एका वर्मला हे उत्तर मानायचंच नाही असं शिकवून ठेवलं. त्याची ही हुशारीच त्याला भोवली. एकाच यंत्रात वर्मच्या प्रतींवर प्रती साठल्या, यंत्रं गुदमरली आणि एरवी कदाचित गुपचूप राहिलं असतं ते प्रकरण रातोरात उघड्यावर आलं. पुढे मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड झाला.

सातांतल्या एकाचा विचार करणाऱ्या मॉरिसच्या नजरेतून दुसरी एक फट सुटली. ती पर्ड्यू विद्यापीठातल्या मंडळींना सापडली. नव्या यंत्रात वर्म आपला मुख्य प्रोग्रॅम 'एसएच' या साळसूद नावानं तयार करायचा. त्या नावाचा युनिक्सचा स्वतःचा प्रोग्रॅम असतोच, त्यामुळे संशय येत नसे. त्याआधी तो त्या जागी त्याच नावाची जुनी फाइल असेल तर पुसायचा आणि मग तपासायचा: या नावाची फाइल अजून आहे का? असेल तर दुसरं नाव, नसेल तर हेच. पर्ड्यूवाल्यांनी तिथे 'एसएच' नावाची डिरेक्टरी करून ठेवली. डिरेक्टरी म्हणजे आजच्या भाषेत फोल्डर. फाइल पुसण्याच्या आज्ञेनं फोल्डर पुसला जात नाही. 'या नावाची फाइल आहे का?' याचं उत्तर 'नाही' असंच येतं, कारण फोल्डर ही फाइल नव्हे. वर्म निर्धास्तपणे त्या नावानं प्रोग्रॅम रचायला जायचा आणि तिथेच अडायचा. एका ठिकाणी एका नावाच्या दोन गोष्टी राहू शकत नाहीत. एका ओळीच्या आज्ञेत काम झालं!

त्यानंतर ही युक्ती बराच काळ अडगळीत गेली. घरगुती संगणकांवर तेव्हा फ्लॉपीतून येणाऱ्या व्हायरसांचं राज्य होतं, आणि त्यांना काढणं दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर चाले. पुण्याच्या कैलास काटकरांचा धंदा दुरुस्तीचाच. गिऱ्हाइकांच्या यंत्रांतले व्हायरस काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील हा अँटीव्हायरस उभा राहिला. ज्यांना अँटीव्हायरस परवडत नव्हता त्यांच्याकडे एकच रामबाण असे, फॉरमॅट मारणे. त्यात व्हायरससोबत मुलीच्या बारशाचे फोटोही जात.

घरच्या माणसानं स्वतः सफाई करायची सवय लागली ती ऑगस्ट २००३मध्ये, ब्लास्टर या वर्ममुळे. इंटरनेट जोडलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू होई आणि यंत्र बंद पडे. त्या साठ सेकंदांत 'रन'च्या चौकटीत शटडाऊनची आज्ञा 'वजा ए' लावून टाइप केली की गिनती थांबायची. मग टास्क मॅनेजरमधून वर्मचा 'एमएसब्लास्ट' हा प्रोग्रॅम बंद करायचा, सिस्टिम ३२मधली त्याची फाइल उडवायची, रजिस्ट्रीतली त्याची नोंद काढायची आणि मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैलाच दिलेला पॅच बसवायचा. हा क्रम चुकला की मेहनत वाया, कारण चालू असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही. आणि पॅच राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून.

मग आले पेनड्राइव्ह. सीडी घातल्याबरोबर आपोआप चालू व्हावी म्हणून विंडोज ९५मध्ये ऑटोरनची सोय केलेली होती. काय चालवायचं ते 'ऑटोरन डॉट आयएनएफ' या छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. एक्सपीत 'माय कॉम्प्युटर'मधल्या ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की पेनड्राइव्हवरच्या याच फाइलचं ऐकलं जाई. वर्म लिहिणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. फोल्डरचं चित्र चिकटवलेल्या ईएक्सई फाइली, लपवलेले मूळ फोल्डर, गायब झालेला 'फोल्डर ऑप्शन्स', बंद पडलेला टास्क मॅनेजर! इंडोनेशियातून आलेला ब्रॉन्टॉक हा वर्म तर रजिस्ट्रीची खिडकी उघडलेली दिसताच यंत्रच रीस्टार्ट करायचा.

इथे घराघरांतल्या मुलांनी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायला घेतली. ॲट्रिबच्या आज्ञेनं ऑटोरनच्या फाइलीचा लपलेपणा काढायचा, डेलनं तिला पुसायचं आणि लगेच एमडीनं त्याच नावाचा फोल्डर करायचा. पर्ड्यूचीच युक्ती. ती कॉलेजच्या लॅबमध्ये मित्रानं मित्राला दाखवली, सफाईच्या फुकट प्रोग्रॅमांनीही उचलली. आपण कुणाचा वारसा चालवतो आहोत याची वार्ता त्यातल्या फार थोड्यांना असेल.

वर्मही शिकले. फोल्डर आहे का हे तपासून आधी तोच उडवणं काही कठीण नव्हतं. त्यावर उतारा म्हणून फोल्डरच्या पोटात 'कॉन' नावाचा आणखी एक फोल्डर ठेवायची पद्धत आली. 'कॉन' नावाचा फोल्डर जगात कुणालाच करता येत नाही आणि त्याचं कारण बिल गेट्सलाही ठाऊक नाही, अशी ईमेल तेव्हा भारतभर फिरत होती. कारण अगदी साधं आहे. डॉसच्या काळापासून हे नाव कीबोर्ड-पडद्याच्या जोडीसाठी, म्हणजे कन्सोलसाठी, राखून ठेवलेलं आहे. पत्त्याआधी दोन तिरक्या रेघा, टिंब आणि पुन्हा एक रेघ टाकली की विंडोज राखीव नावाची तपासणी करत नाही आणि फोल्डर तयार होतो. नेहमीच्या मार्गानं तो पुसता मात्र येत नाही. अर्थात बाहेरच्या फोल्डरचं नाव बदलणं शक्य होतंच, त्यामुळे तटबंदी पूर्ण नव्हती.

२००८च्या अखेरीस कॉन्फिकर हा वर्मही पेनड्राइव्हवरून पसरू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं ऑटोरनचा लगाम ओढला. विंडोज ७मध्ये पेनड्राइव्हवरचं ऑटोरन चालेनासं झालं, आणि फेब्रुवारी २०११च्या अपडेटनं एक्सपी, व्हिस्टावरही तेच केलं. रिकामे फोल्डर मात्र जुन्या पेनड्राइव्हांवर तसेच पडून राहिले.

२७ जून २०१७ला डिस्क कुलूपबंद करणारा नॉटपेट्या सुटला, तेव्हा ही युक्ती पुन्हा वर आली. एकाच यंत्रावर दोनदा चालू नये म्हणून हा वर्म विंडोजच्या फोल्डरमध्ये आपल्याच नावाची फाइल आहे का हे पाहायचा, आणि 'आहे' या उत्तरावर त्याचा पूर्ण विश्वास होता. अमित सर्पर या संशोधकानं हे हेरलं: 'पर्फसी' नावाची फाइल आधीच करून ती रीड-ओन्ली ठेवली की वर्म गप्प. मॉरिस ज्या खोट्या उत्तराला २९ वर्षांपूर्वी घाबरला होता, ते इथे चाललं. पण ही फाइल हल्ल्याआधी असायला हवी होती. न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाकडच्या टर्मिनलची यंत्रणा तोवर बंद पडली होती, आणि कुलूपबंद झालेल्या डिस्कवर नवी फाइल ठेवायची कुठे?