मार्टिन्सव्हिलची पोरं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं मार्टिन्सव्हिल हे त्या काळी जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव होतं. १९२४ साली तिथल्या हायस्कूलसाठी बास्केटबॉलचं बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं, आणि त्यात अख्खं गाव बसूनही जागा उरेल एवढ्या खुर्च्या होत्या!

संघाचा कप्तान जॉन वुडन हा शेतकऱ्याचा मुलगा. नेल रायली शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची. सामना सुरू होण्याआधी तो बँडकडे वळून पाहायचा आणि ती बोटांची गोल खूण करून ‘सगळं ठीक’ म्हणायची. १९३२ साली दोघांनी लग्न केलं.

मार्टिन्सव्हिलनं १९२७ साली राज्य अजिंक्यपद जिंकलं. १९२८च्या अंतिम सामन्यात गाठ पडली इंडियानातल्याच मन्सी शहराच्या हायस्कूलशी. शेवटच्या क्षणांपर्यंत मार्टिन्सव्हिल १२-११ असं पुढे होतं. तेवढ्यात मन्सीच्या चार्ली सीक्रिस्टनं मैदानाच्या मध्याजवळून चेंडू उंच भिरकावला, तो थेट जाळीत. १३-१२! पुढे महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक म्हणून १० राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवणाऱ्या वुडनला हा पराभव म्हातारपणीही विसरता आला नाही.

पोरांच्या खेळापायी गावं इतकी वेडी का व्हायची? उत्तराचा मोठा भाग मन्सीतच सापडतो. रॉबर्ट आणि हेलन लिंड या समाजशास्त्रज्ञ दांपत्यानं १९२४-२५मध्ये या शहराचा बारकाईनं अभ्यास केला. १८८९-९०मध्ये तिथल्या हायस्कुलात फक्त १७० विद्यार्थी होते, १९२३-२४मध्ये १,८४९. पूर्वी मोजक्यांची असलेली ही शाळा आता घराघरातली झाली होती. क्लब, नाच, वार्षिकांक, सामने यांत मुलांची संध्याकाळ घराबाहेरच सरायची, आणि शुक्रवारी रात्री आईबापही तिकीट काढून त्यांच्या मागोमाग क्रीडागृहात हजर असायचे.