वजन वाढलेल्या मुलांना फिश ऑइल द्यावं का?

आखातातून सुट्टीवर येणारे मामू-चाचा फिश ऑइलची बाटली हमखास आणतात, आणि घरातलं गुबगुबीत पोर लगेच कॅप्सूल गिळू लागतं. पण फिश ऑइलने मुलांचं वजन उतरतं, असं सिद्ध झालेलं नाही. शेवटी ते तेलच, एका ग्रॅमला ९ कॅलरी.

त्यातले ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-३ घटक रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी करतात, हे खरं. मात्र मोठ्या माणसांत त्यासाठी डॉक्टर दिवसाला २ ते ४ ग्रॅम ओमेगा-३ देतात. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ते जेमतेम ३०० मिलिग्रॅम असतं. मुलांसाठी हा हिशोब घरी करू नये. कॉड लिव्हर ऑइल तर वेगळीच चीज आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात. अ जास्त झालं तर लिव्हरला त्रास होतो.

आता हलालचा मुद्दा. मासा हलाल आहे, प्रश्न वरच्या कवचाचा आहे. ते बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन गाय-बैल, डुक्कर किंवा माशापासून बनतं. पाकिटावरच्या मांसाहारी खुणेवरून काही कळत नाही, कारण आत मासळीचं तेल असल्याने ती खूण असणारच. लेबलवर 'पोर्साइन' म्हणजे डुकराचं. 'बोवाइन' असेल तरी जनावर जबह केलेलं होतं का, हे हलाल प्रमाणपत्रावरूनच समजतं. मुलांच्या गमीजमध्येही बऱ्याचदा जिलेटिन असतं, वर साखर.

कोकणातल्या आपल्या घरांना तर बाटलीची गरजच काय? बांगडा आणि तारली या ओमेगा-३ने भरलेल्या मासळ्या आहेत, आणि सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्तही. आठवड्यातून दोनदा कालवण करावं. तळून दिलं तर तेलाची भर पडते.

एक गोष्ट मात्र अम्मींनी नीट पाहावी. मुलाची मान, काखा काळपट आणि जाडसर दिसत असतील तर तो मळ समजून घासत बसू नका. वाढलेल्या वजनासोबत ही बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. साखर, चरबी आणि लिव्हरची रक्ततपासणी करायची का, ते विचारावं. आधीपासून कॅप्सूल सुरू असेल तर बाटली सोबत न्यावी, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर.