गिटारच्या पोटातले नऊ व्होल्ट

इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली तेव्हा तिच्यात बॅटरी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. १९३०च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी जो पिकअप वापरात आणला, त्यात फक्त चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेची कॉइल होती. गिटारची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये क्षीण वीज तयार होते. आजही बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी याच तत्त्वावर चालतात. त्यांना पॅसिव्ह म्हणतात.

या सोप्या रचनेची किंमत मात्र मोजावी लागते. सिग्नल मोठा हवा म्हणून कॉइलला हजारो वेढे द्यायचे, तर तिचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, वाढतो. मग लांब केबलमधला कपॅसिटन्स वरच्या पट्टीची चमक खाऊन टाकतो. शिवाय आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची आणि दिव्यांची गुणगुणही ती कॉइल पकडते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट कॉइलींची जोडी लावून ही गुणगुण बरीचशी मारली. केबलचे दुखणे तसेच राहिले.

त्यावरचा इलाज तोवर दुसऱ्याच क्षेत्रात आकार घेत होता. बेल लॅब्जमध्ये १९४७ साली ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५४ मध्ये रीजन्सी टीआर-१ हा खिशातला रेडिओ अमेरिकेत विक्रीला आला. त्याला २२.५ व्होल्टची बॅटरी लागत असे. पुढच्या रेडिओंचे कमी व्होल्टेजवर भागू लागले आणि १९५६ च्या सुमारास ती चौकोनी, डोक्यावर दोन बटणे असलेली नऊ व्होल्टची बॅटरी बाजारात आली. आत दीड-दीड व्होल्टचे सहा सेल, म्हणून नऊ. संगीताचा कान या आकड्याच्या निवडीत कुठेच नव्हता.

गिटारवाल्यांकडे ती आधी पायाखालून आली. १९६६ च्या फझ फेससारख्या पेडलमध्ये हीच बॅटरी होती. तिथे आवाज मुद्दाम फाडायचा असल्याने नऊ व्होल्ट कमी पडतात, अशी तक्रार कोणी करणार नव्हते.

बॅटरी गिटारच्या पोटात शिरली ती मुख्यतः कॅलिफोर्नियात. ग्रेटफुल डेड या बँडच्या वर्तुळातून उभ्या राहिलेल्या अलेम्बिकने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बास गिटारमध्ये प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे छोटे सर्किट, बसवले. १९७६ मध्ये म्युझिक मॅनची स्टिंगरे बास आली आणि ही कल्पना कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. त्याच दशकात रॉब टर्नर यांनी पिकअप आणि प्रीअँप एकाच डबीत इपॉक्सीने बंद केले. त्यांची कंपनी पुढे ईएमजी या नावाने ओळखली गेली. कॉइलचे वेढे कमी ठेवायचे आणि सिग्नल वाढवण्याचे काम प्रीअँपवर सोपवायचे, ही त्यांची युक्ती. आता केबल लांब असली तरी चमक टिकते आणि गुणगुणही दबते. मेटालिकाच्या जेम्स हेटफील्ड यांच्या हातात ईएमजी ८१ दिसू लागला, तेव्हा हेवी मेटलवाल्यांना हा पिकअप हवाच झाला.

व्होल्टेजचा प्रश्न इथे सुरू होतो. बॅटरी एकच असल्याने प्रीअँप सिग्नलची मधली रेषा साधारण ४.५ व्होल्टवर ठेवतो. तिथून सिग्नल वर नऊकडे आणि खाली शून्याकडे झुलतो. सर्किट स्वतःसाठी थोडी जागा राखून ठेवते, म्हणून दोन्ही बाजूंना साडेचारपेक्षा कमीच व्होल्ट हाती उरतात. जोरदार आघात झाला की सिग्नलचा माथा या मर्यादेला भिडून सपाट होतो आणि आवाज फाटतो. बॅटरी उतरून सात व्होल्टवर आली की ही जागा आणखी आक्रसते. हळू वाजवले तर फरक कळत नाही, जोरात वाजवले की लगेच कळतो.

म्हणून काहीजण दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्ट करतात. ईएमजीच्या बहुतेक पिकअपना २७ व्होल्टपर्यंत मुभा आहे. पण त्याने आवाज मोठा होतो, हा गैरसमज. ठेंगण्या खोलीतल्या झोपाळ्यासारखे हे आहे: छत उंच केले म्हणून झोका उंच जात नाही, फक्त डोके आपटायचे थांबते. प्रीअँप सिग्नल किती पट वाढवतो, ते त्याच्या रचनेवर ठरते, बॅटरीवर नाही.

फायदा कोणाला, तेही यावरून ठरते. अंगठ्याने तार ठोकणारा बासवादक किंवा स्वच्छ आवाजात जोरकस वाजवणारा गिटारवादक यांना १८ व्होल्टचा फरक जाणवतो. बासचा खर्ज १२ डेसिबलने चढवला तर सिग्नलचा तेवढा भाग चौपट होतो आणि जागा झपाट्याने संपते. ज्याचा आवाज पुढे अँपमध्ये फाडलाच जाणार आहे, त्याला दुसऱ्या बॅटरीचा उपयोग थोडा.

बॅटरीचा खर्च मात्र किरकोळ आहे. ईएमजी ८१ अवघा ८० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे चांगली अल्कलाइन बॅटरी हजारो तास पुरावी. ती अकाली मरते ती बहुधा केबलमुळे. अशा गिटारीत वेगळे बटण नसते, जॅकमध्ये प्लग घातला की सर्किट सुरू होते. रात्रभर केबल लावून ठेवली तर रात्रभर बॅटरी जळते. रिचार्जेबल घेताना छापील आकडाही वाचावा: नऊ व्होल्टची म्हणून विकल्या जाणाऱ्या निकेल बॅटऱ्यांत सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ७.२ किंवा ८.४ व्होल्टच मिळतात.

तेव्हा गिटार उघडून दुसरी बॅटरी कोंबण्याआधी आधीची मल्टिमीटरने मोजा. ती आठच्या खाली गेली असेल तर बदला आणि वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. त्यानंतरही जोराच्या आघाताला आवाज फाटत असेल, तरच पिकअपची कमाल मर्यादा पाहून १८ व्होल्टचा विचार करा.