मानेंतील एक नीला

मुळशीचें नांव निघालें कीं १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापति बापट आठवतात. त्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांना टाटांचें नांव कळलें तें धरणामुळें, आणि कांहीं गोडीनें नव्हे. पुढें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें सर दोराबजी टाटा ट्रस्टचें कर्करोग रुग्णालय उघडलें, तेव्हां याच नांवाशीं महाराष्ट्राचा दुसरा संबंध जडला.

तेथें येणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. तंबाखूशीं त्याचा असलेला संबंध डॉ. खानोलकर व डॉ. संघवी यांनीं १९५५ सालीं आंकड्यांनिशीं मांडला. हा रोग तोंडांतून मानेच्या गांठींत उतरतो, आणि त्या गांठी मेंदूकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेला बिलगून असतात.

अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राईल यांनीं १९०६ सालीं १३२ शस्त्रक्रियांच्या आधारें आपली पद्धत प्रसिद्ध केली. ती निष्ठुर पण सरळ होती: गांठी, स्नायु, नीला, सारें एकसंध काढून टाकावें. एका बाजूची नीला गेली तर दुसरी भार उचलते. दोन्ही एकदम गेल्या तर चेहरा सुजतो व मेंदूवरील दाब वाढतो. अर्धशतक बहुधा हीच रीत चालली. १९६३ सालीं अर्जेंटिनाच्या ऑस्वाल्डो सुआरेझ यांनीं दाखविलें कीं, भोंवतालचीं आवरणें सोलून काढल्यास गांठी निघतात आणि नीला राहते.

राहते खरी, पण वाहते काय? येथें जर्मन पंडित विर्खो यांचें १८५६ सालचें विवेचन कामीं येतें. प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीला इजा होणें, रक्ताचा गुण पालटणें, हीं गुठळीचीं कारणें. शस्त्रक्रियेंत नीला तासन् तास उघडी राहून कोरडी पडते, तिच्या फांद्या बांधाव्या लागतात. जखमेंत लाळ झिरपून पू झाला तर विचारूंच नये. कर्करोग्याचें रक्त मुळांतच गोठण्याकडे झुकलेलें. शिवाय १९७९ पासून जखम बुजविण्यासाठीं छातीचा स्नायु मानेवरून वर नेऊं लागले. त्याचेंही ओझें नीलेवरच. म्हणजे वाचविलेली नीला न वाचविल्यासारखी! दुसऱ्या बाजूची नीला काढण्याची वेळ आली, तर हिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या शस्त्रवैद्याची फसगतच व्हावयाची.

गोठण रोखणारें हेपॅरिन १९१६ सालीं हातीं आलें. पण ताज्या जखमेवर तें दिल्यास रक्तस्राव होऊन श्वासनलिका दाबली जाण्याचें भय; न द्यावें तर गुठळी सुटून फुप्फुसांत शिरण्याचें. हा दुसरा प्रकार विरळा, पण प्राणघातक. मानेवरून ध्वनिलहरींचें यंत्र फिरवून नीला तपासतां येऊं लागल्यावर मात्र एक दिलासा मिळाला. कांहीं रुग्णांत बंद पडलेल्या नीलेंतून कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं रक्त पुन्हां वाहतांना दिसलें.