प्रतिमायंत्रांचे माहितीमापन

कॅमेरा, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक किंवा एमआरआय यंत्र समोरच्या वस्तूविषयी किती सांगते, हे माहिती-सिद्धांताच्या मापाने ठरवण्याची पद्धत. चित्र डोळ्याला सुबक दिसते का, हा प्रश्न इथे गौण.

पहिले माप क्लॉड शॅनन यांचे (1948). फेलगेट व लिनफुट यांनी 1955 साली ते प्रकाशीय प्रतिमांच्या परीक्षणासाठी वापरले. नुसत्या चित्राची एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचे माप) मोजली तर फसगत होते, कारण गोंगाटाने भरलेल्या दाणेदार चित्राचीही एन्ट्रॉपी भरपूर असते. म्हणून मोजणीच्या एकूण एन्ट्रॉपीतून गोंगाटाची वजा करतात. उरते ती ‘परस्पर माहिती’, बिटांत. जाहिराती काहीही म्हणोत, टिपलेले चित्र संगणकावर धारदार केल्याने ती वाढत नाही.

मात्र बिटांची बेरीज कामाचे स्वरूप सांगत नाही. हावडा पुलावरच्या कॅमेऱ्याने गर्दी सरकते आहे का एवढेच पाहायचे, की धुक्यातून गाडीचा क्रमांक वाचायचा? ठरावीक राशीचा अंदाज घ्यायचा असेल तेव्हा रोनाल्ड फिशर यांचे माप, ‘फिशर-माहिती’, उपयोगी पडते, आणि त्याचा महत्त्वाचा टप्पा हावड्यासमोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर घडला. कलकत्ता विद्यापीठात तरुण सी. आर. राव अंदाजाच्या अचूकतेविषयीचा, मोठ्या नमुन्यांसाठीचा फिशर यांचा निष्कर्ष शिकवत होते. लहान नमुन्यांसाठी तसे काही सिद्ध होईल का, असे एका विद्यार्थ्याने विचारले. तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतले नामवंत अर्थतज्ज्ञ. राव यांनी घरी जाऊन सिद्धता मांडली. ती 1945 साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आली. हाच निष्कर्ष हाराल्ड क्रामर यांच्या 1946च्या पुस्तकातही आला. म्हणून नाव ‘क्रामर-राव सीमा’. एका बाजूला न झुकणाऱ्या कोणत्याही अंदाजाचे प्रचरण फिशर-माहितीच्या व्यस्तापेक्षा कमी होऊ शकत नाही, असे ती सांगते.

सूक्ष्मदर्शकात एका रेणूचा ठिपका सुमारे 100 नॅनोमीटर प्रमाण विचलनाइतका पसरतो. पार्श्वभूमीचा उजेड नसेल, तर या सीमेनुसार 100 फोटॉनांतून त्याचे स्थान 10 नॅनोमीटरपर्यंत कळते. 10,000 फोटॉनांतून 1 नॅनोमीटरपर्यंत. ओबर, राम आणि वॉर्ड यांनी 2004 साली याच सीमेवरून रेणूंच्या स्थाननिश्चितीची अचूकता तपासली. गणनपद्धत सीमेला टेकली की आकडेमोड आणखी घासून उपयोग नसतो; भिंग, प्रकाश किंवा संवेदक बदलावा लागतो.